बोटांचे यंत्र

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो होतो. एके दिवशी सकाळी गावातील एक निवृत्त वकील जुन्या काळ्या बुटांचा एक जोड वर्तमानपत्रात गुंडाळून आजोबांकडे घेऊन आले. बूट त्यांच्या वडिलांचे. पाऊल वडिलांसारखेच असल्यामुळे ते आता मुलाच्या पायांत आले होते. तळाला दोन्हीकडे रुपयाएवढे भोक पडलेले. पण वरचे कातडे इतके सुरेख राखलेले की त्यात खिडकीचा उजेड दिसावा. शहरातील एका दुकानदाराने झिजलेल्या तळावरच रबराचा पत्रा चिकटवून दिला होता. पहिल्याच पावसात तो उकलला आणि जाताना जुन्या कातड्याचा पापुद्रा घेऊन गेला. आजोबांनी बूट उलटा केला, कडेच्या टाक्यांवरून अंगठा फिरवला आणि ठेवून जा म्हणून सांगितले.

आमचे घराणे चांभारकाम करणारे. आजोबा तरुणपणी नवे बूट शिवीत. पुढे कारखान्याचे बूट बाजारात स्वस्तात मिळू लागले, नवे बूट शिवून घेणारी गिऱ्हाइके एकेक करून गेली आणि आजोबांच्या हाती उरली ती दुरुस्ती. वडिलांनी या कामाला हात लावला नाही. मी तर कला शाखेत शिकणारा! रापी धरायची कशी हेदेखील मला नीट येत नाही. परंतु त्या दिवशी दुसरा उद्योग नव्हता म्हणून आजोबांच्या शेजारी बसून राहिलो.

त्यांनी रापीच्या टोकाने कडेचा एकेक टाका कापला आणि तळ सोलून काढला. आत बुचाच्या भुग्याचा थर होता. वर्षांनुवर्षांच्या भाराने काळा पडलेला आणि पावलाच्या आकाराने दबलेला. भोवती कातड्याची एक अरुंद पट्टी शाबूत होती. या पट्टीला कारखान्यात वेल्ट म्हणतात, आणि सारी खुबी या पट्टीत आहे. चांगल्या बुटात आतल्या तळव्याच्या खालच्या अंगाला एक उंच कड असते. वरचे कातडे, अस्तर आणि वेल्ट ही तिन्ही या कडेला शिवतात. बाहेरचा तळ त्यानंतर निराळ्या टाक्याने नुसता वेल्टला शिवला जातो. म्हणून तळ झिजला की बाहेरचा टाका कापावा, नवा तळ लावावा. वरच्या बुटाला धक्काही लागत नाही. वेल्ट खराब झाली तर तीही बदलता येते. वरचे कातडे फाटले की मात्र इलाज संपला. वकीलसाहेबांच्या बुटांचा तळ यापूर्वी एकदा बदलला असावा, असे आजोबा वेल्टवरील जुनी छिद्रे पाहून म्हणाले.

मग त्यांनी चवड्याकडील थोडा भुगा खरवडून मला आत पाहायला लावले. वरचे कातडे बुटाच्या टोकाला वळून आत आलेले होते आणि तिथे त्याच्या बारीक बारीक चुण्या एकीशेजारी एक बसवल्या होत्या. जणू नऊवारीच्या निऱ्याच. बाहेरून पाहावे तर टोक काचेसारखे गुळगुळीत! सपाट कातडे गोल टोकावर ओढायचे तर कडेला जास्तीचे कातडे उरणारच. ते कुठेतरी जिरवावे लागते आणि बाहेर सुरकुती दिसता कामा नये. आजोबा म्हणाले की, बूट शिवण्यात सर्वांत अवघड काम हेच. आता हेही यंत्राने होते असे त्यांनी ऐकले होते, पण ते यंत्र बोटांनी करायचे काम करते कसे, याचे त्यांना फार दिवसांपासून कोडे होते. त्यांनी मला विचारले. मला उत्तर देता आले नाही.

कॉलेजात परत आल्यावर ग्रंथालयात मी शोध घेतला, आणि मला यान अर्न्स्ट मॅट्झेलिगर भेटला.

 आपल्याकडे एडिसनचे चरित्र न वाचलेला विद्यार्थी विरळा. मॅट्झेलिगर मात्र आपल्या पाठ्यपुस्तकांतून कधी डोकावला नाही. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावर सुरिनाम नावाचा देश आहे. त्या काळी ती डच वसाहत होती. तिच्या राजधानीत, पॅरामारिबो येथे, १५ सप्टेंबर १८५२ रोजी त्याचा जन्म झाला. बाप गोरा, सरकारी यंत्रशाळेवरील इंजिनिअर. आई त्याच भूमीतील काळी स्त्री. सुरिनाममधील गुलामगिरी कायद्याने संपली ती १ जुलै १८६३ रोजी, म्हणजे यान दहा वर्षांचा असताना. त्याच वयात तो बापाच्या यंत्रशाळेत काम शिकू लागला होता. लेथ, कानस, दाते पाडलेली चाके हेच त्याचे खेळणे आणि हीच त्याची शाळा. (जाता जाता सांगण्याजोगी गोष्ट अशी की, गुलाम मुक्त झाल्यावर सुरिनामच्या मळ्यांवर राबायला हिंदुस्थानातून माणसे नेण्यात आली. त्यांचे पहिले जहाज ‘लल्लारुख’ १८७३ साली कलकत्त्याहून पॅरामारिबोला लागले. यान त्यापूर्वीच तेथून निघून गेला होता.)

वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, १८७१ मध्ये, त्याने घर सोडले आणि तो व्यापारी जहाजावर कामाला लागला. सुमारे दोन वर्षे समुद्रावर काढून तो अमेरिकेत फिलाडेल्फियाला उतरला. इंग्रजी जवळजवळ येत नव्हते. यंत्रकामात हात तयार असूनही काळ्या माणसाला यंत्रशाळेत कोण उभे करणार? मिळेल ते काम करीत त्याने काही वर्षे ढकलली. येथेच बुटाच्या धंद्याशी त्याची पहिली ओळख झाली आणि १८७७ च्या सुमारास तो मॅसॅच्युसेट्समधील लिन या गावी आला.

लिन हे बुटांचे गाव होते. एकेकाळी तेथे घरोघरी, अंगणातल्या छोट्या खोपट्यांतून बूट शिवले जात. १८४६ मध्ये एलियस हाऊने शिवणयंत्राचे पेटंट घेतले आणि थोड्याच वर्षांत वरचे कातडे यंत्रावर शिवले जाऊ लागले. १८५८ मध्ये लायमन ब्लेक याने तळ शिवण्याच्या यंत्राचे पेटंट मिळवले. गॉर्डन मॅके या भांडवलदाराने ते विकत घेऊन सुधारले. वेल्ट शिवणारे यंत्रही आले. ते ज्याच्या नावाने ओळखले जाते तो गुडइयर म्हणजे रबर पक्के करणाऱ्या चार्ल्स गुडइयरचा मुलगा. खोपटी ओस पडली, कारखाने उभे राहिले. १८६० च्या फेब्रुवारीत लिनच्या हजारो बूट कामगारांनी मजुरीसाठी संप केला. अमेरिकेच्या इतिहासातील तोवरचा तो सर्वांत मोठा संप होता.

इतके सारे यंत्रावर गेले तरी एक काम हातातच राहिले. लाकडी फर्म्यावर, ज्याला आमच्याकडील जुनी माणसे कलबूत म्हणतात, वरचे कातडे ओढून बसवायचे आणि खाली चुका मारून पक्के करायचे. म्हणजेच आजोबांनी मला दाखवलेल्या त्या चुण्यांचे काम. याला लास्टिंग म्हणतात. बूट पायाला बसतो की चावतो हे येथेच ठरते. फर्मा कितीही चांगला असो, त्याच्यावर कातडे नीट ओढले गेले नाही तर बुटाला फर्म्याचा आकार येत नाही, आणि आला तरी टिकत नाही. कातड्याचा पाठीकडचा भाग घट्ट, पोटाकडचा सैल. एक जनावर दुसऱ्यासारखे नाही. कुठे किती ओढायचे हे चिमट्याला कळत नाही, चिमटा धरणाऱ्या हाताला कळते. म्हणूनच हे काम करणारे लास्टर कारखान्यातील मानकरी होते. त्यांची मजुरी इतरांपेक्षा चांगली, त्यांची संघटना भक्कम. दहा तासांच्या दिवसात कुशल लास्टर पन्नासेक जोड बसवी. यंत्रे ढिगाने सुटे भाग तयार करीत आणि ते ढीग लास्टरच्या टेबलापुढे येऊन तुंबत. यंत्राला आमची बोटे कुठून येणार, असा या लोकांना अभिमान होता. त्यात खोटे काहीच नव्हते. अनेकांनी असे यंत्र करून पाहिले होते आणि ते फसले होते.

मॅट्झेलिगर लिनच्या एका कारखान्यात मॅकेच्या यंत्रावर तळ शिवण्याचे काम करू लागला. दिवसाचे दहा तास यंत्रापुढे. रात्री इंग्रजीचा अभ्यास. जुन्या बाजारातून त्याने पदार्थविज्ञानाची व यंत्रशास्त्राची पुस्तके आणि आकृत्या काढण्याची साधने मिळवली. त्याला चित्रकलेचीही आवड होती. तो तैलचित्रे रंगवी आणि इतरांना शिकवीतही असे. लास्टरांची फुशारकी तो रोज ऐके आणि त्यांचे हात रोज पाही. चिमट्याने कातडे धरले, खाली ओढले, मनगट किंचित वळवले, अंगठ्याने चुणी दाबली, चूक मारली, फर्मा जरासा पुढे सरकवला, पुन्हा चिमटा. हा क्रम त्याने मनात साठवला आणि रात्री खोलीवर कागदावर उतरवला.

आधीचे लोक का फसले आणि हा का साधला, याचा मी पुष्कळ विचार केला. मला वाटते, मॅट्झेलिगरने बुटाकडून सुरुवात केली नाही, हाताकडून केली. ज्या बोटांना यंत्र करता येणार नाही असे म्हणत, त्याच बोटांना त्याने गुरू केले. एकलव्याची आठवण होते; फरक एवढाच की, येथे अंगठा गेला तो गुरूंचा.

पहिला नमुना त्याने केला तो सिगारच्या खोक्यांचे लाकूड, तारा आणि खिळे यांचा. त्याला सहा महिने लागले. त्याच्यावर बूट तयार होणे शक्य नव्हते, पण हालचाल बरोबर होती. कोणीतरी त्या खेळण्याचे पन्नास डॉलर देऊ केले. त्याने नाकारले. मग मोडीतील लोखंड आणि टाकून दिलेल्या यंत्रांचे भाग जमवून, स्वतः घडवून, त्याने दुसरे यंत्र उभे केले. यातील चुण्या घालण्याच्या भागासाठी पंधराशे डॉलर देऊ करण्यात आले. तेही नाकारले! खिशात दमडी नसलेल्या कामगाराने पंधराशे डॉलर नाकारणे म्हणजे काय, हे आपण वसतिगृहातील मुलांनी तरी समजू शकतो. पैसा वाचवण्यासाठी त्या दिवसांत तो दिवसाला पाच सेंटांत भागवी. मक्याच्या पिठाची पेज, बस्स. थंडीत शेक नसलेल्या खोलीत काम चाले. याचा हिशेब पुढे शरीराने मागितला.

येथे त्याच्या आयुष्यातील एक बाब सांगितलीच पाहिजे. लिनला आल्यावर त्याने एका चर्चमध्ये सभासद होण्याची इच्छा व्यक्त केली. त्वचेच्या रंगामुळे त्याला नकार मिळाला. दुसरे चर्च, तिसरे चर्च, तेथेही तेच. शेवटी नॉर्थ काँग्रिगेशनल चर्चमधील तरुण मंडळींनी त्याला आपल्यात घेतले. रविवारच्या शाळेत तो शिकवू लागला, सहलींना जाऊ लागला. लिनमध्ये त्याचे मित्र म्हणावेत असे लोक प्रामुख्याने हेच. देवळाच्या पायरीवरून परत फिरणे काय असते ते माझ्या पणजोबांना ठाऊक होते, म्हणून हा मजकूर वाचताना मी थोडा वेळ पुस्तक मिटून ठेवले.

तिसरे, खरेखुरे काम करणारे यंत्र करायला भांडवल हवे होते. ते चार्ल्स डेलनाऊ आणि मेलव्हिल निकोल्स या लिनमधील दोघांनी दिले, आणि त्याबदली यंत्राच्या हक्कांतील दोन तृतीयांश वाटा घेतला. कष्ट, कल्पना, उपासमार ज्याची त्याच्याकडे एक तृतीयांश! व्यवहार फसवणुकीचा नव्हता. बाजारात कल्पनेला आणि पैशाला काय भाव मिळतो, एवढेच त्यावरून कळते.

जानेवारी १८८२ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. सोबतच्या आकृत्या इतक्या गुंतागुंतीच्या होत्या की, वॉशिंग्टनच्या पेटंट कचेरीतील तज्ज्ञांचा त्यांच्यावर विश्वास बसेना. अखेर कचेरीने एक अधिकारी लिनला पाठवला आणि त्याने यंत्र चालताना डोळ्यांनी पाहिले. २० मार्च १८८३ रोजी पेटंट मिळाले. क्रमांक २,७४,२०७. मॅट्झेलिगर तेव्हा तीस वर्षांचा होता.

आजोबांचे कोडे आता सोडवतो. फर्म्यावर चढवलेला बूट यंत्रात धरला जातो. एक चिमटा कातड्याची कड पकडतो आणि खाली ओढतो. टोकाशी व टाचेशी कातडे वळवून त्याच्या चुण्या पाडतो. ओढलेल्या जागी यंत्र स्वतःच चूक आणून ठेवते आणि ठोकते. मग फर्मा पुढे सरकतो व चिमटा पुन्हा पकड घेतो. म्हणजे तोच क्रम, फक्त न थकता. २९ मे १८८५ रोजी एका कारखान्यात त्याची मोठी चाचणी झाली आणि बायकांच्या बुटांचे ७५ जोड या यंत्राने निर्वेध बसवले. पुढे कामाच्या प्रकारानुसार दिवसाला १५० पासून ७०० जोडांपर्यंत मजल गेली. हाताचे पन्नास कुठे आणि हे कुठे! बुटांच्या किमती निम्म्यापर्यंत उतरल्या. ज्यांच्या घरात एकच जोड आळीपाळीने वापरला जाई, अशा घरांतील मुलेही हिवाळ्यात बूट घालून शाळेत जाऊ लागली असतील.

आणि लास्टर? त्यांनी यंत्राला विरोध केला. यंत्राला त्यांनी एक नाव ठेवले होते. मॅट्झेलिगरच्या वर्णावरून काढलेले ते हिणकस नाव होते, येथे लिहावेसे वाटत नाही. कित्येक वर्षे कारखान्यांतून तेच रूढ होते. येथे माझी मोठी पंचाईत होते. अपमान सोसणाऱ्या मॅट्झेलिगरच्या बाजूने उभे राहावे तर समोर हातची विद्या गमावलेला लास्टर उभा. आणि त्याचा चेहरा मला आजोबांसारखा दिसतो. लास्टरची बाजू घ्यावी तर तो मॅट्झेलिगरला त्याच्या कातडीवरून शिवी देतो. दोघेही कामगार, दोघेही भाड्याच्या खोलीत राहणारे. खरा नफा तिसरीकडेच गेला. मॅट्झेलिगरचे हक्क मोठ्या कंपनीकडे आले, आणि १८९९ मध्ये बुटाच्या यंत्रांच्या प्रमुख कंपन्या एकत्र होऊन युनायटेड शू मशिनरी कंपनी स्थापन झाली. ही कंपनी आपली महत्त्वाची यंत्रे विकत नसे, भाड्याने देई. कारखाना कोणाचाही असो, बूट शिवला की कंपनीला पैसे. कित्येक दशके अमेरिकेतील बुटांचा धंदा तिच्या मुठीत होता.

हे पाहायला मॅट्झेलिगर उरला नव्हता. १८८६ मध्ये सर्दीचे निमित्त झाले आणि मागाहून तो क्षय असल्याचे निष्पन्न झाले. अंथरुणावरूनही त्याचे काम चालू होते. चुका वेगळ्या करून एकेक पुढे आणणाऱ्या यंत्रणेची आणि अन्य सुधारणांची पेटंटे त्याच्या मृत्यूनंतर मंजूर झाली. चित्रेही तो काढीत राहिला. २४ ऑगस्ट १८८९ रोजी लिनच्या रुग्णालयात तो वारला. सदतिसावे वर्ष पुरे व्हायला तीन आठवडे होते. लग्न झाले नव्हते. मृत्युपत्रात त्याने मित्रांची आणि डॉक्टरांची आठवण ठेवली आणि आपल्या शेअरांचा मोठा भाग ज्या चर्चने दार उघडले त्या नॉर्थ काँग्रिगेशनल चर्चला दिला. पुढे चर्च कर्जात अडकले तेव्हा हेच शेअर विकून ते कर्जमुक्त झाले. १९९१ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्याचे चित्र असलेले तिकीट काढले.

संक्रांतीला पुन्हा घरी गेलो तेव्हा वकीलसाहेबांचे बूट तयार होते. जुन्या वेल्टला आजोबांनी मेण लावलेल्या दुपदरी दोऱ्याने नवा तळ शिवला होता. वकीलसाहेब आले ते मुद्दाम संध्याकाळी. दिवसभर चालून पाय थोडे फुगतात, तेव्हा घालून पाहिलेला बूट खरा, असा आजोबांचा नियम. दोन्ही पायांत बूट घालून त्यांना उभे केले. पावलाचा सर्वांत रुंद भाग बुटाच्या रुंद भागावरच येतो का, टाच उचलते का, हे आजोबांनी बोटांनी चाचपून पाहिले. एका पायाला किंचित सैल वाटले म्हणून आत पातळ कातड्याचा तुकडा घातला. वकीलसाहेब अंगणात चार फेऱ्या मारून समाधानाने गेले.

मग मी आजोबांना मॅट्झेलिगरची सारी हकीकत सांगितली. यंत्राची आकृती कागदावर काढून दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती बराच वेळ पाहिली आणि चिमट्याच्या जागी बोट ठेवून मनगट वळवून बघितले. किती वर्षांचा होऊन गेला, असे त्यांनी विचारले. छत्तीस, मी म्हणालो. तो स्वतः कधी हाताने बूट बसवीत होता का, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. त्याचे काम तळ शिवण्याच्या यंत्रावर होते, हे तो शेजारी उभा राहून नुसता पाहत होता, असे मी सांगितले. आजोबांनी मान हलवली आणि कागदाची घडी करून ती अवजारांच्या पेटीत, आरीच्या शेजारी ठेवली.